स्वभावाला औषध नाही, हे खरे काय?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकू येते. नातू हट्टी निघाला की आजी म्हणते, "आजोबांवर गेला, दुसरे काय!" नात अबोल निघाली की ते आत्याचे वळण ठरते. खाण तशी माती, असे म्हणून विषय संपतो. परंतु त्याच आजीच्या तोंडी दुसरी म्हणही असते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिली म्हण सारा भार रक्तावर टाकते, दुसरी संगतीवर. आपल्या पूर्वजांनी कोकणातून येताना या दोन्ही म्हणी बरोबर आणल्या, आणि आपण त्या सोयीप्रमाणे वापरत आलो. मूल चांगले निघाले तर घराण्याचे रक्त, बिघडले तर शेजारच्या पोराची संगत.

शिक्षकाच्या प्रशिक्षणात 'अनुवंश आणि परिस्थिती' नावाचा एक पाठ हमखास असतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो आणि उत्तर ठरलेले असते: दोन्हींचे महत्त्व सारखे आहे. एवढे लिहिले की गुण मिळतात. पण वर्गात चाळीस मुलांसमोर उभे राहिल्यावर या उत्तराचा काही उपयोग होत नाही, हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. दोन्हींचे महत्त्व म्हणजे नेमके काय, आणि ती दोन एकमेकांत मिसळतात कशी, हे पाहायचे तर आम्ही वाचकांना जर्मनीत नेऊ इच्छितो. कारण या एका प्रश्नाचे चुकीचे उत्तर देऊन जगात सर्वांत भयंकर अनर्थ त्याच देशात घडला, आणि त्याच देशातून पुढे या प्रश्नाची काही अत्यंत काळजीपूर्वक शोधलेली उत्तरेही मिळाली. शिवाय या कथेच्या आरंभी एक मराठी स्त्री उभी आहे.

ती स्त्री म्हणजे इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे नोकरीला होते, आणि तेथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवण्यात आले. तेथे रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला हिच्याशी मैत्री जडली आणि पुढे परांजप्यांच्या घरातच ती वाढली. समुद्रापलीकडे जन्मलेली आणि परक्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे माणसाच्या वंशाचा अभ्यास करायला निघाली, ही गोष्ट आम्हा बेटवासीयांना विशेष वाटल्यावाचून राहत नाही.

मुंबईला डॉक्टर घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. झाल्यावर, १९२८ साली, त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे म्हणजे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षींना सुनेने शिक्षणासाठी जर्मनीला जावे हे मात्र पसंत नव्हते! पतीने आग्रह धरला, पैसे कर्जाऊ मिळवले आणि त्यांना पाठवले. बर्लिनच्या डालेम या उपनगरात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था नुकतीच, १९२७ साली, उघडली होती. मानवी अनुवंश आणि सुप्रजनन हे विषयही तिच्या नावातच होते. संचालक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर, आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

त्या काळी माणसाचा स्वभाव आणि बुद्धी ही त्याच्या शरीरावरून वाचता येतात, असे मानण्याची विद्वानांत लाटच आली होती. जर्मनीतलेच मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट क्रेचमर यांनी १९२१ साली ग्रंथ लिहून किडकिडीत, गोलमटोल आणि पिळदार अशा शरीरयष्टींना निरनिराळे स्वभाव जोडून दिले होते. फिशर यांचे लक्ष कवटीवर होते. माणसाच्या कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. हा असमानपणा युरोपीय लोकांत अधिक असावा आणि तो त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी निगडित असावा, असा त्यांचा कयास होता. तो मोजून सिद्ध करण्याचे काम या मराठी विद्यार्थिनीकडे आले.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपीय लोकांच्या होत्या, काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. मोजमापे झाली, आकडेमोड झाली आणि निष्कर्ष निघाला की कवटीचा असमानपणा सर्वच मानवसमूहांत आढळतो आणि त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. गुरूला हवे होते त्याच्या नेमके उलट. परदेशात एकटी, कर्ज काढून आलेली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी. संस्थेच्या प्रमुखाचेच मत खोटे ठरवणारे आकडे तिने जसेच्या तसे मांडले. आमच्या मते इरावतीबाईंच्या आयुष्यातील हे काम 'युगान्ता'इतकेच स्मरणात ठेवण्याजोगे आहे. डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर संशोधन केले आणि १९७० साली त्यांचे निधन झाले.

इकडे जर्मनीत काय झाले? १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १४ जुलै १९३३ रोजी, आनुवंशिक रोग असलेली संतती होऊ नये, असा एक कायदा करण्यात आला. या कायद्याखाली सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांची सक्तीने नसबंदी झाली. सर्वांत मोठा गट 'जन्मजात मंदबुद्धी' असा शिक्का बसलेल्यांचा होता. आणि हा शिक्का कसा मारला जाई, हे शिक्षक म्हणून वाचताना आमच्या अंगावर काटा येतो. एक प्रश्नपत्रिका असे. फ्रान्सची राजधानी कोणती, बिस्मार्क कोण होता, असले प्रश्न त्यात विचारलेले असत. म्हणजे शाळेत कधी धड न गेलेल्या शेतमजुराच्या मुलीला भूगोल आला नाही, तर दोष तिच्या बीजाचा ठरे! मागे पडणाऱ्या मुलांच्या खास शाळांतून अहवाल मागवले जात, आणि शिक्षकाने प्रगतिपुस्तकात लिहिलेला शेरा न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जाई.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना लेखणी जड होते. फिशर यांच्यानंतर १९४२ साली डालेमच्या संस्थेची सूत्रे ओटमार फॉन फर्शुअर यांच्याकडे आली. जुळ्या भावंडांवरील संशोधनात त्यांचा हातखंडा होता. त्यांचा एक जुना साहाय्यक योझेफ मेंगेले १९४३ साली आउश्वित्सच्या छळछावणीत डॉक्टर म्हणून गेला. तेथे त्याने जुळ्या मुलांवर जे प्रयोग केले त्यांत अनेक मुले प्राणास मुकली, आणि छावणीतील बळींच्या शरीराचे नमुने डालेमला पाठवले गेले. जुळ्यांच्या अभ्यासाला जर्मनीत पुढे कितीतरी वर्षे कोणी उघडपणे हात लावण्यास धजत नसे, यात नवल नाही.

तरीही जुळ्यांचा अभ्यास ही मूळची युक्ती चांगली होती. ती म्युनिकचे त्वचारोगतज्ज्ञ हेरमान वेर्नर सीमेन्स यांनी १९२४ साली पद्धतशीर मांडली. त्यांना पाहायचे होते की अंगावरचे तीळ आनुवंशिक असतात की काय. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली, ती एकबीज जुळी, त्यांची जनुके सारखीच असतात. दोन निराळ्या बीजांपासून जन्मलेली, ती द्विबीज जुळी, त्यांचे साम्य सख्ख्या भावंडांइतकेच असते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी, एकाच आईच्या हातचे खाऊन वाढतात. मग एकबीज जुळी एकमेकांसारखी जास्त निघाली आणि द्विबीज कमी, तर तो फरक बहुतांशी बीजाचा असला पाहिजे. इतके साधे गणित आहे.

या गणिताची स्वभावाच्या बाबतीतली सर्वांत प्रामाणिक कसोटी आमच्या मते जर्मनीतच, बीलेफेल्ड शहरातील विद्यापीठात लागली. त्याआधीच्या बहुतेक अभ्यासांत माणसांना प्रश्नपत्रिका देऊन 'आपण रागीट आहात काय, मनमिळाऊ आहात काय' असे विचारत. आता स्वतःच्या स्वभावाविषयी माणूस खरे सांगेलच असे नाही. आणि जुळ्या भावाविषयी विचारले तर तो दोघांतला फरकच वाढवून सांगतो. पेटर बोर्केनाऊ, राइनर रीमान, आलोइस आंग्लाइटनर आणि फ्रांक श्पीनाथ या चौघा मानसशास्त्रज्ञांनी निराळी वाट काढली. त्यांनी प्रौढ जुळ्यांच्या ३०० जोड्या बोलावल्या. १६८ एकबीज आणि १३२ द्विबीज. प्रत्येकाला पंधरा निरनिराळी कामे करायला लावून त्यांचे चित्रण केले. अनोळखी माणसाला आपली ओळख करून द्या. एक विनोद सांगा. कागद, कात्री आणि डिंक घेऊन उंच मनोरा उभा करा. रात्री अकरानंतर मोठ्याने संगीत लावणाऱ्या हटवादी शेजारणीला दूरध्वनीवरून समजवा. आवडीचे एक गाणे म्हणून दाखवा. मग १२० परीक्षकांनी ही चित्रणे पाहून प्रत्येकाच्या स्वभावाला गुण दिले.

यातली खरी खुबी पुढे आहे. कोणत्याही परीक्षकाला जोडीतला एकच जुळा दाखवला गेला. दुसरा कसा वागला हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे 'हा त्याचा भाऊ, तेव्हा हाही तसाच' असे म्हणायला जागाच उरली नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून आपल्या बेटाचा विचार करा. येथे कोणाचे आजोबा कोणत्या मळ्यावर होते आणि कोणाचा काका कोणाशी भांडला होता, हे सर्वांना ठाऊक असते. जानेवारीत नवा वर्ग सुरू होतो तेव्हा हजेरीपटावरचे आडनाव वाचताच शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणते, "हा अमक्याचा धाकटा का? मग आटोपलेच!" मुलाने अजून तोंड उघडलेले नसते आणि त्याच्या स्वभावाचा निकाल लागलेला असतो. बीलेफेल्डच्या परीक्षकांना जी माहिती मुद्दाम दिली नव्हती, नेमकी तीच आपल्याकडे सर्वांत आधी मिळते. मोठा भाऊ हुशार असला तरी धाकट्याची सुटका नाही. मग आयुष्यभर त्याला तुलनेचे ओझे.

बीलेफेल्डचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ४० टक्के जनुकांमुळे, सुमारे २५ टक्के एकाच घरात वाढल्यामुळे आणि सुमारे ३५ टक्के प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या निराळ्या अनुभवांमुळे. प्रश्नपत्रिकांवर विसंबलेल्या अभ्यासांत घराचा वाटा जवळजवळ शून्य निघत असे, आणि आईबापांनी कितीही कष्ट घेतले तरी मुलाच्या स्वभावात काही फरक पडत नाही, असे काही पंडित सांगू लागले होते. अनोळखी माणसांनी प्रत्यक्ष वागणूक पाहून गुण दिले, तेव्हा घराचा वाटा डोळ्यांना दिसू लागला.

आता हे ४० टक्के म्हणजे काय? बहुतेकांची समजूत अशी होते की माझ्या रागीटपणातला शंभरातला चाळीस भाग बापाकडून आला आणि उरलेला साठ भाग मी कमावला. ही समजूत साफ चुकीची आहे. ती का चुकीची, हे सांगायला आपल्या उसाइतके चांगले उदाहरण नाही. ऊस बीपासून लावत नाहीत, कांडी पुरतात. एका उसाच्या कांड्यांपासून उभे राहिलेले सारे शेत म्हणजे एकाच बीजाचे जुळे भाऊ. ते बेणे ब्लॅक रिव्हरच्या कोरड्या किनाऱ्यावर लावले आणि क्यूरपीपच्या पावसाळी पठारावर लावले, तर दोन्हीकडच्या उसाची उंची आणि गोडी सारखी येणार नाही. हा फरक सगळा जमिनीचा, पाण्याचा आणि उन्हाचा. वाणाचा वाटा शून्य. उलट एकाच सपाट शेतात, एकाच पाटाच्या पाण्यावर पाच निरनिराळे वाण लावले, तर जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा वाणाचा. ऊस तोच, पण टक्केवारी पार उलटी झाली! तेव्हा टक्केवारी ही त्या शेतातल्या उसाउसांतील फरकांची असते. एका उसाकडे बोट दाखवून 'याच्या गोडीत वाण किती आणि पाणी किती' असे विचारणे निरर्थक आहे, कारण वाणावाचून ऊस नाही आणि पाण्यावाचूनही नाही. चार लाख माणसांना शिक्षा देणाऱ्या जर्मन न्यायाधीशांनी नेमकी हीच गफलत कायदा म्हणून राबवली. समूहाविषयीचे अनुमान त्यांनी एकेका माणसाच्या कपाळावर लिहिले.

एकेकट्या जनुकाची कथाही सांगण्याजोगी आहे. १९९६ साली वुर्त्सबुर्ग विद्यापीठाचे क्लाउस-पेटर लेश आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी दाखवले की मेंदूतील एका द्रव्याची ने-आण ठरवणारे एक जनुक काही माणसांत आखूड असते आणि अशी माणसे थोडी अधिक काळजीखोर असतात. झाले! वर्तमानपत्रांना 'चिंतेचे जनुक' सापडले. पुढे त्यावर शेकडो निबंध निघाले. परंतु २०१९ साली लाखो माणसांची माहिती तपासून अमेरिकन संशोधकांनी दाखवले की खिन्नतेच्या विकाराशी जोडली गेलेली अशी अठरा प्रसिद्ध जनुके इतर कोणत्याही जनुकांपेक्षा काही जास्त सांगत नाहीत. स्वभावाला हातभार लावणारी जनुके हजारोंनी आहेत आणि प्रत्येकीचा हातभार राईएवढा आहे. भात शिजल्यावर कोणत्या शिताने पोट भरले हे विचारण्यासारखेच ते आहे.

आता उरलेला ३५ टक्के भाग पाहू. एकाच घरात, एकाच बीजाची दोन मुले निराळी का होतात? जुळ्या मुलांच्या आया हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. "कपडे सारखे, जेवण सारखे, शाळा तीच. मग एक बडबड्या आणि एक मुखदुर्बळ कसा?"

ड्रेसडेन शहरातील गेर्ड केंपरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उंदरांना विचारला, असे म्हणायला हरकत नाही. या कामात बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेचाही वाटा होता. मानवविकासाचा अभ्यास करणारी ही संस्था डालेम भागातच आहे, जेथे इरावतीबाई कवट्या मोजत बसल्या होत्या. शास्त्रज्ञांनी एकाच शुद्ध वाणाच्या चाळीस उंदरिणी घेतल्या. जनुके सर्वांची सारखी. त्यांना अनेक मजल्यांच्या, नळ्यांनी जोडलेल्या, खेळण्यांनी भरलेल्या एका भल्यामोठ्या पिंजऱ्यात एकत्र सोडले. प्रत्येकीच्या अंगात एक बारीक खूण बसवली होती, त्यामुळे कोण केव्हा कोठे गेली याची आपोआप नोंद होत असे. तीन महिने हे चालले.

आरंभी साऱ्याजणी बऱ्याचशा सारख्या वागत होत्या. दिवस गेले तसे फरक वाढू लागले. काहीजणी कानाकोपरा धुंडाळू लागल्या, काहीजणी ठरावीक जागा धरून बसल्या. शेवटी मेंदू तपासले तेव्हा आढळले की जी जास्त विस्तृत फिरली, तिच्या मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात नव्या पेशी जास्त तयार झाल्या होत्या. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. बीज एक आणि पिंजराही एक, तरी चाळीस निरनिराळ्या उंदरिणी. आरंभी कोणी एक पाऊल डावीकडे टाकले, कोणी उजवीकडे. डावीकडे गेलेलीला नळी सापडली, नळीतून पुढचा मजला सापडला, आणि फिरणे तिच्या अंगवळणी पडले. फिरण्याने मेंदू बदलला असावा, आणि मेंदू बदलल्याने ती आणखी फिरली असावी. पिंजरा एकच होता खरा, पण प्रत्येकीने त्यातून आपापला निराळा पिंजरा निवडून घेतला.

बर्लिनमध्येच दुसरा एक प्रयोग माशांवर झाला. मॉली नावाच्या माशांची एक जात आहे, तिच्यात सगळ्या माद्याच असतात आणि पिल्ले आईची हुबेहूब नक्कल म्हणून जन्मतात. गोड्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या लायब्निट्स संस्थेत डाविड बीयरबाख, केट लास्कोव्स्की आणि माक्स वोल्फ यांनी अशी पिल्ले जन्मल्याच दिवशी निरनिराळ्या पण अगदी एकसारख्या टाक्यांत एकेकटी ठेवली. बीज सारखे, टाकी सारखी, संगत नाहीच. तरी मोठी झाल्यावर प्रत्येकीची वागण्याची रीत निराळी होती आणि ती टिकूनही राहिली. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे आमच्या आजीच्या दोन म्हणींत न बसणारे तिसरेही काही आहे. जन्मतानाचा किंवा त्याही आधीचा एखादा बारीकसा योगायोग, जो पुढे वाढत जातो. त्याला जुनी माणसे नशीब म्हणत. शास्त्रज्ञांजवळ अजून त्याला यापेक्षा चांगले नाव नाही.

उंदरांवरून माणसाची परीक्षा करू नये, हे आम्हाला मान्य आहे. परंतु ड्रेसडेनच्या पिंजऱ्यातली गोष्ट घराघरांत दिसते. जे तान्हे मूल सहज हसते त्याला शेजारपाजारचे सारे उचलून घेतात. त्याला माणसांची सवय होते आणि ते आणखी हसरे होते. जे अनोळखी चेहरा पाहून रडते त्याला लोक लवकर खाली ठेवतात. मग त्याची माणसांशी ओळख कमी होते. पाच वर्षांनी आपण म्हणतो की थोरला बोलका आणि धाकटा घुमा, जन्मतःच तसे होते. जन्मतः होता तो एक बारीकसा कल. तो कल पाहून आपण वागलो, आणि आपल्या वागण्याने त्या कलाचा स्वभाव झाला. अनुवंश आणि परिस्थिती ही परीक्षेच्या उत्तरात दोन निरनिराळी कलमे असतात. घरात ती पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या हातात हात घालून चालतात.

अमेरिकेतील अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ सालापासून न्यूयॉर्कमधील मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणीपर्यंत मागोवा घेतला. त्यांना तीन तऱ्हेची मुले आढळली. सोपी, अवघड, आणि हळूहळू रुळणारी. त्यांचे म्हणणे असे की कोणताही कल मुळात वाईट नसतो. मुलाचा कल आणि भोवतालची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्तीतल्या मुलांचे त्यांनी दिलेले उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. ती मुले वाटेल तेव्हा झोपत, वाटेल तेव्हा उठत, आणि घरात कोणाला त्याचे काही वाटत नसे. शाळा सुरू झाली, सकाळी ठरल्या वेळी उठणे भाग पडले, आणि तीच सवय एकदम अडचण होऊन बसली. मुलाचे बीज बदलले नव्हते आणि घरही तेच होते. फक्त शाळेची घंटा नवी होती.

जर्मनीत २०१४ सालापासून बीलेफेल्ड आणि सारलँड येथील विद्यापीठांनी सुमारे चार हजार जुळ्यांच्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे मोठे काम हाती घेतले. यात मुले, आईबाप आणि इतर भावंडे, सर्वांकडे जाऊन त्यांच्या राजीखुशीने माहिती घेतली जाते. ज्या देशात जुळी म्हटले की आउश्वित्स आठवे, तेथे हजारो आईबाप आपली मुले घेऊन पुन्हा पुढे आले. डालेमच्या त्या जुन्या संस्थेच्या इमारतीत बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग भरू लागला, आणि तेथे काय घडले होते ते सांगणारा फलक १९८८ साली भिंतीवर बसवण्यात आला.

हळूहळू रुळणारी मुले आपल्या शाळांतून पुष्कळ आहेत. घरी भोजपुरी किंवा क्रेओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मराठीच्या तासाला मराठी, असा प्रवास पाचव्या वर्षीच करावा लागणारे मूल पहिले काही दिवस गप्प बसले तर त्यात त्याच्या आत्याचा काही दोष नाही. अशा मुलाला आम्ही पहिल्या आठवड्यात फळ्यापाशी बोलावत नाही. त्याला खडू वाटायचे काम देतो. खडू देताना प्रत्येकाच्या बाकाशी जावे लागते, प्रत्येकाकडे पाहावे लागते, एखादा शब्द बोलावा लागतो. ज्यांची मुले यंदा प्रथमच शाळेत गेली आहेत अशा पालकांना आमची विनंती आहे की मूल घरी येऊन काही बोलले नाही तर महिनाभर थांबावे, आणि शिक्षकांना भेटायला याल तेव्हा थोरल्या भावाची गोष्ट काढू नये.